करीम आर्णीवाला हे नाव पडद्यावर होतं

अन्याय झाला तो करीम शेख पिंजारी, राहणार आर्णी, यांच्यावर. झाला तो १९६४ साली, पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, गावातल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये, दुपारच्या खेळाचं मध्यंतर होऊन दिवे लागले त्या क्षणी. साक्षीदार अख्खी टॉकीज. करणारा मी.

चाचा, पत्रकाची सुरुवात अशीच करतात. कोणावर, कधी, कुठं. तुम्ही चिडवायचे मला, "पत्रकवाले, तुह्या पयल्या ओळीत दम असते, मंग पाणी सुटते." आज पाणी सुटू देणार नाही, असं ठरवून बसलोय. तुम्हाला मातीत ठेवून आज नववा दिवस. चाचींनी कापूस पिंजायच्या कमानीची तात उतरवून खुंटीला टांगली आहे. ती वाऱ्यानं कधीमधी वाजते आणि गल्लीतली माणसं अजून तुमच्या दाराकडे पाहतात.

तुमच्याशी माझी ओळख भांडणातून झाली. त्या वर्षी माझ्या मावशीच्या अंगात भूत शिरलं असं ठरवून तिच्या सख्ख्या दिरांनी तिला मिरच्यांची धुरी दिली. तिचा डावा डोळा तेव्हापासून नुसता पाझरतो. मी नुकता कॉलेज सोडून भुताखेतांविरुद्ध पत्रकं काढायला लागलो होतो. कोणीतरी म्हणालं, भुतांचे सिनेमे काढणारा एक माणूस तर आपल्या गावातच परत येऊन राहिलाय. मी तरातरा तुमच्या पिंजायच्या खोलीत आलो आणि दारातूनच ओरडलो, "भुताचा धंदा करता, लाज नाही वाटत?"

तुम्ही वर पाहिलंसुद्धा नाही. "आत ये अन् दार लाव. कापूस उडून राह्यला."

मी दार लावलं. अंधार झाला. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातून उन्हाची एक सरळ काठी आत उतरली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते.

"काय दिसते?" तुम्ही विचारलंत.

"उजेड."

"उजेड नाई दिसत बाप्पा. कापूस दिसते. उजेडाले दिसाले कायतरी आडवं या लागते." मग तुम्ही हातातली मूठ झटकलीत आणि ती काठी एकदम जाड झाली. "मी कॅमेरा मुंबईत नाई शिकलो. इथंच शिकलो, अब्बाजवळ, दार लावून."

मी भांडायला आलो होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो, आणि मग येतच राहिलो.

तुमच्याबद्दल लोकांना एवढंच ठाऊक होतं की तुम्ही १९५६ साली मुंबईला गेलात आणि सहा वर्षांनी अब्बा गेल्यावर परत आलात. मधल्या काळात तुम्ही जे सिनेमे टिपलेत, त्यांना मुंबईतले लोक सिनेमा म्हणायलाही तयार नसायचे. ओळखीचा नट नाही, धड कपडे नाहीत, एका गुहेला तीन बाजूंनी रंग देऊन तीन सिनेमांत वापरलेलं. राक्षस मात्र प्रत्येकात. मी तुम्हाला रोज एकच विचारायचो: तो राक्षस एवढा मोठा दिसतो कसा? मला वाटायचं, काचेत काहीतरी जादू असेल.

"हत्ती कसा चालते?" तुमचा उलटा प्रश्न.

"सावकाश."

"अन् उंदीर?"

"तुरुतुरु."

"मंग झालं. घोरपडीले हत्तीसारखं सावकाश केलं का झाला राक्षस."

त्यासाठी कॅमेरा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेगानं फिरवायचा, म्हणजे पडद्यावर तेच चालणं संथ आणि जड होतं. पण तेवढी फिल्म खर्ची पडते, म्हणून सिनेमात पैसे घालणारा शेठ बोंबलायचा. मग तुम्ही दुसऱ्या मोठ्या सिनेमांतून उरलेले फिल्मचे तुकडे मागून आणायचे आणि राक्षसाला त्या उष्ट्यावर जगवायचे. घोरपड सकाळच्या गारव्यात सुस्त असते, दिव्यांच्या उष्णतेनं तरतरीत होते आणि पळते, म्हणून तिचं काम पहाटे आणि नटांचं नंतर. शिंगं बाभळीच्या काट्यांची, डिंकानं चिकटवलेली. हे सारं तुम्ही असं सांगायचे, जसं कोणी पिठलं कसं करायचं ते सांगावं.

एकदा मी विचारलं, "तुमचे राक्षस नदीत काहून उतरत नाहीत?"

तुम्ही पिंजणं थांबवलंत. इतके खूश झालेले मी तुम्हाला त्याआधी पाहिले नव्हते. "हे कोणी इचारलं नवतं मले. शेठनंही नाई. पाणी लहान होत नाई ना बे! डोंगर लहान करता येते, झाड करता येते. थेंब थेंबाएवढाच राह्यते. घोरपडीच्या नाकावर थेंब पडला का पब्लिकले कळते, हे जनावर हातभर हाय. आग बी तशीच. त्या दोघायशी खोटं बोलता येत नाई."

मी ते वहीत उतरवून घेतलं. आजही दर पावसात माझी नजर थेंबांवर जाते. ही खोड तुमची.

पण मूळ भांडण तसंच राहिलं. मी म्हणायचो, तुम्ही लोकांना घाबरवता. तुम्ही म्हणायचे, "मी घाबरवतो अन् तीन तासानं घरी सोडतो. तुह्या मावशीले धुरी देणारे घरी सोडते का?" मी म्हणायचो, पण धुरी देणारे तुमचाच सिनेमा पाहून आलेले असतात. यावर तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. म्हणालात, "युक्ती काय हाय ते मी कोणापासून लपवली नाई. इचारलं त्याले सांगितलं. पण इचारते कोण?" उत्तर पुरतं नव्हतं, चाचा. मला अजूनही ते पुरत नाही. उद्या काहीतरी सुचेल आणि मी तुम्हाला गाठीन, असं मी धरून चाललो होतो.

मग तुमचा घोरपडीचा सिनेमा आर्णीला लागला.

तुम्ही मला आधीच सांगून ठेवलं होतं: पहिल्या घंटेला आत बस, नावं सुरू होतात तिथं माझं नाव येतं, गावासकट. "करीम पिंजारी नाई लावलं. शेठ म्हणे, कायतरी भारी लाव. म्हटलं, लिहा करीम आर्णीवाला." हे सांगताना तुम्ही उगीचच कापूस झटकत होतात.

त्या दुपारी तुम्ही स्वतः टॉकीजच्या पत्र्याची भोकं कापसाच्या बोळ्यांनी बुजवत फिरलात. मी घंटेआधी बसलो. दिवे गेले. आणि सिनेमा सुरू झाला तो थेट धावत्या घोड्यावर. ना नावं, ना पाटी, काही नाही.

मला वाटलं, येतील पुढे. पुढे आला बर्फाचा डोंगर. राक्षस त्या बर्फातून वर येतो, वाद्यं कडाडतात, आणि पुढच्या रांगेतून एक शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "अरे, हा तं कापूस हाय!"

दुसरा म्हणाला, "अन् तोही कवडी! पाह्य ना, डाग दिसून राह्यले. शेवटच्या वेच्याचा असन."

सगळी टॉकीज राक्षस सोडून कापूस पारखायला लागली. कोणी म्हणे धागा आखूड आहे, कोणी म्हणे पिंजणी मात्र एक नंबर. राक्षस बिचारा डरकाळ्या फोडत होता. इतक्यात बायकांच्या बाजूनं चाचींचा आवाज आला, "या अल्ला! ये तो मेरी गादी है!"

डोंगराच्या कुशीत दोऱ्याची एक गाठ स्पष्ट दिसत होती, गादीला टाके घालतात तसली. शेठनं बर्फ दाखवायला मीठसुद्धा दिलं नव्हतं. मग तुम्ही काय करणार? तुम्ही मुंबईला निघालात तेव्हा चाचींनी डोक्यावर दिलेली गादी तुम्ही उसवली होतीत. चाची उभ्या राहून ओरडत होत्या, "छे साल मेरे को बोले, चोरी गई!" लोक खुर्च्यांवरून घसरत होते, आणि सर्वांत जास्त तुम्ही हसत होतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अख्ख्या हिंदुस्थानात कोणी पकडलं नाई," तुम्ही मला म्हणालात, "आर्णीनं पकडलं!"

आता मी काय केलं ते सांगतो. मध्यंतर झालं, दिवे लागले आणि मी उठून उभा राहिलो. प्रचारकाला गर्दी दिसली की जीभ शिवशिवते. शिवाय मला राग आला होता. मी पहिल्या घंटेपासून डोळे ताणून बसलो होतो आणि नाव आलं नव्हतं. मला वाटलं, या माणसानं महिनोन् महिने मला बनवलं. मी मोठ्यानं विचारलं, "चाचा, तुमचं नाव कुठं आहे?"

हसणं थांबलं. तुम्ही वर पाहिलंत, मशीनच्या खोलीच्या त्या चौकोनी खिडकीकडे. मग खाली, स्वतःच्या चपलांकडे.

"नसन बा," तुम्ही म्हणालात.

बस. दोन शब्द. आणि मी दुसऱ्याच दिवशी पत्रक छापलं: 'राक्षस खोटे, आणि राक्षस बनवल्याची बढाईही खोटी!' त्यात मी लिहिलं, की दिवे उचलणारा एक हमाल गावात कॅमेरावाला म्हणून मिरवतो. पुरावा मागणाऱ्या माणसानं हे लिहिलं. चाचींची गादी पडद्यावर होती, गाठीसकट, सगळ्या गावानं पाहिली होती. त्याहून मोठा पुरावा कोणता? पत्रकात गादीचा एक शब्द नव्हता. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट म्हणून मी ती गाळली. मला छापील नाव हवं होतं.

तुम्ही छापखान्यात आलात. ओल्या कागदांतला एक उचलून उजेडाला धरलात. मी मुठी आवळून उभा. तुम्ही म्हणालात, "डावी बाजू फिकी आली. दाब कमी पडून राह्यला." आणि गेलात.

त्यानंतर हॉटेलात तुम्हाला 'हमालसाहेब' म्हणायला लागले. ज्या शाळेनं मुलांना कॅमेरा समजावून सांगायला तुम्हाला बोलावलं होतं, तिथून निरोप आला की नको. तुम्ही त्यासाठी बिस्किटाच्या डब्याला सुईनं भोक पाडून, आतून काजळी फासून, एक डबा तयार करून ठेवला होता. मी तो खुंटीखाली पडलेला पाहायचो. कारण मी येतच होतो, चाचा, निर्लज्जासारखा. तुम्ही चहा देत होतात. थेंबांबद्दल बोलत होतात. त्या दुपारबद्दल ना तुम्ही बोललात, ना मी. असं दीड वर्ष गेलं. मग तुमचा खोकला वाढला. आणि मग आजचा नववा दिवस आला.

तिसऱ्या दिवशी नामदेवराव तुमच्या ओट्यावर आले. टॉकीजचे ऑपरेटर, तुमचे लहानपणचे दोस्त. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाव होतं, पत्रकवाले."

"काय?"

"नाव होतं. मी कापलं."

मला आधी काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा मला अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. फिल्मची पेटी मुंबईहून निघते आणि गावोगाव फिरत आमच्यापर्यंत येते. रिळाचं तोंड रोज मशीनमध्ये घालताना-काढताना झिजतं, फाटतं. फाटलं की ऑपरेटर तेवढा तुकडा कापतो आणि पुढून चालवतो. प्रत्येक गावात वीतभर. आणि पहिल्या रिळाच्या तोंडाशी असतं काय? नावं. म्हणजे लहान गावात पेटी येईस्तोवर नावं संपलेली. आमच्या लोकांनी कधी कोणत्याही जुन्या सिनेमाची नावं पाहिलेलीच नाहीत. आम्हाला वाटायचं, सिनेमा घोड्यापासूनच सुरू होतो!

"त्या दिवशी नावाचा उरलासुरला तुकडा फाटलेलाच आलता," नामदेवराव म्हणाले. "मशीनमंदी अडकला असता. मी कापला अन् फेकला. करीमले मागून सांगितलं, तू सांगून टाक लोकायले. त्यो म्हणे, मालकाची ताकीद हाय ना, न इचारता रीळ कापाचं नाई म्हणून? तुही नोकरी जाईन. तू मशीन पाह्य, मी माह्यं पाह्यतो."

म्हणून ती खिडकीकडे गेलेली नजर. मी ती पाहिली होती, चाचा. त्या एका नजरेचा अर्थ मला विचारावासा वाटला नाही, आणि मी स्वतःला चौकस समजतो.

आता ऐका, यापुढचं तुम्हाला ठाऊक नाही. नामदेवराव परवा स्वतःहून मालकाकडे गेले आणि सगळं कबूल केलं. मालक पान लावत होता. म्हणाला, "सगळेच कापतात. कापल्याबिगर खेळ कसा चालन?" आणि चुना मागितला. झालं! एवढंच! ज्या भीतीपायी तुम्ही दीड वर्ष 'हमालसाहेब' ऐकून घेतलं, ती भीती आतून कापसाची होती. राक्षस कसा भरतात हे तुम्हाला ठाऊक होतं. मग हा कसा ओळखता आला नाही? की ओळखला होता, आणि तरी दोस्ताच्या नोकरीचा जुगार नको वाटला? हा एक प्रश्न. दुसरा असा, की तुम्ही मला एकट्याला तरी का सांगितलं नाही? मी छापलं असतं म्हणून? हो, छापलं असतं. की तुम्ही वाट पाहत होतात, मी विचारीन म्हणून? 'इचारलं त्याले सांगितलं.' मी थेंबाचं विचारलं, घोरपडीचं विचारलं, शिंगांचं विचारलं. 'नसन बा' म्हणजे काय, हे मात्र दीड वर्षात एकदाही विचारलं नाही.

रागही आहे माझा तुमच्यावर. गप्प राहून तुम्ही मला खोटं छापू दिलंत. चाचा, हा काही चांगुलपणा नव्हे. माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

काल मी बसनं नेरला गेलो. तो सिनेमा आर्णीच्या आधी नेरला लागला होता, म्हणजे नावाच्या पाटीचा आधीचा तुकडा तिथं कापला गेला असणार. तिथल्या ऑपरेटरला ही हकीकत सांगितली. तो हसला आणि बाकाखालून एक डबा काढला. कापलेले तुकडे त्यानं फेकले नव्हते, फाटक्या रिळांना ठिगळ लावायला कामी येतात म्हणून. आम्ही दोघं खिडकीशी बसून एक-एक पट्टी उन्हाला धरत गेलो. देव, देवी, घोडे, कोणाची तरी अर्धी पाटी. दुपार कलली तेव्हा त्याच्या हातातली पट्टी थांबली.

"हे पाह्य बरं."

नखाएवढ्या चौकटी. प्रत्येकीत तेच. मधल्या ओळीत, नागरीत: छायाकार – करीम आर्णीवाला. मागं पुसट पांढरं काहीतरी होतं. मी डोळ्याला लावून पाहिलं. कापूस होता, आणि त्यातून तिरपा आलेला उजेड. तुमच्या खोलीतलाच.

पट्टी आणून चाचींना दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती दाराशी उन्हात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "इत्ता छोटा?"

मी म्हटलं, "पडद्यावर मोठं होतं, चाची."

"तो लगा ना पडदे पे," त्या म्हणाल्या. माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं.

तर आर्णीकरहो, आता तुमच्याशी बोलतो. येत्या बाजाराच्या दिवशी, दुपारच्या खेळाला, तोच घोरपडीचा सिनेमा पुन्हा लागतोय. नामदेवराव ती पट्टी रिळाच्या तोंडाशी स्वतःच्या हातानं जोडणार आहेत. फार लांब नाही ती; पान थुंकून आत येईस्तोवर निघून जाईल. म्हणून पान बाहेर ठेवा. पहिल्या घंटेच्या आत जागेवर बसा. पत्र्याची भोकं बुजवायला घरून कापूस आणा, कवडी चालेल. ज्यांनी माझं पत्रक वाचून 'हमालसाहेब' म्हटलं त्यांनी पुढं बसा, मी तुमच्याच रांगेत असेन. आणि पडद्यावर नाव आलं, की ज्याला वाचता येतं त्यानं ते मोठ्यानं वाचा, बायकांच्या बाजूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिथं एक बाई बसली असेल, तिला वाचता येत नाही.